गुरुवारपासूनची जुनी ओळख

“दादा, मला बाकी काही नको. तुझा एक रविवार दे,” असं निशिगंधा फोनवर म्हणाली, तेव्हा लीलाधरराव सामंत मटार सोलत बसले होते. त्यांनी हातातले दाणे कचऱ्याच्या डब्यात टाकले, सालं पातेल्यात टाकली आणि पातेल्याकडे बघत म्हणाले, “हो, ये की.”

“दर रविवारी तू जे करतोस ना, अगदी तस्सं करायचं. सकाळी चेण्याला नदीत पाय सोडून बसायचं. मग डोंगरीला तुझ्या त्या कॅजिटनकडे. टेरेझाच्या हातचं कालवण. माझ्यासाठी वेगळं काही ठरवू नकोस हं.”

“छे छे, वेगळं कशाला!”

वस्तुस्थिती अशी होती की मीरा रोडला राहायला आल्यापासूनच्या अठ्ठावीस वर्षांत लीलाधररावांनी चेण्याची नदी पाहिली नव्हती, भाईंदरपलीकडच्या डोंगरीत पाऊल ठेवलं नव्हतं, आणि कॅजिटन नावाचा इसम या पृथ्वीतलावर त्यांना ठाऊक नव्हता. टेरेझाला तर त्यांनी दोन वर्षांपूर्वी, कॅजिटनच्या घरी जेवायला वाढणारं कुणीतरी हवं, एवढ्याच कारणासाठी जन्माला घातलं होतं.

यात सगळा दोष त्यांचाच, असं म्हणणं बरोबर नाही. माणूस एकतीस वर्षं पंख्यांच्या कंपनीच्या तक्रार विभागात फोन उचलत बसला, की त्याचं असंच होतं. “मेकॅनिक निघालाय, वाटेत आहे,” हे वाक्य लीलाधररावांइतक्या मायेने दुसरं कुणी म्हणत नसे. मेकॅनिक त्या वेळी बहुधा समोरच्या बाकावर चहा पीत असे. पण गिऱ्हाइकाला धीर यायचा, घाम जरा कमी वाटायचा. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, सेवा म्हणतात. एकदाच, नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यात, मेकॅनिक खरोखर निघाला होता. त्या दिवशी पलीकडची बाई म्हणाली, “पुरे झाल्या थापा,” आणि तिने फोन आपटला. लीलाधररावांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

निशिगंधा, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, कॅनडात टोरांटोजवळ राहते; सासरच्या एका लग्नासाठी ती आठवडाभर ठाण्याला आली होती. गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. तिकडे तेव्हा शनिवार संपत आलेला असतो. पहिल्याच वर्षी ती म्हणाली, “आज तळ्यावर गेलो होतो दादा, काय पाणी होतं!” इकडे थोरला भाऊ बनियनवर सोफ्यात. त्याने उत्तरादाखल काय सांगावं? टाकी धुणार आहेत म्हणून दुपारी पाणी नाही? ते सहज म्हणून गेले, “आम्हीही आलो की डोंगरीला जाऊन.” पुढच्या आठवड्यात तिने तळ्यात होडी वल्हवली, तेव्हा त्यांना कॅजिटन आणि त्याची होडी काढावी लागली. तिने झाडावरची सफरचंदं तोडली, यांनी कॅजिटनकडून हातभर लांबीची सुरमई आणली. त्याच्या पुढल्याच रविवारी तिला अस्वल दिसलं. मग मात्र त्यांचा नाइलाज झाला. त्यांनी डॉल्फिन सोडला.

“माझा दादा जगतो तसं जगता यायला हवं,” असं ती तिकडे सगळ्यांना सांगायची. धाकट्या बहिणीने हेवा करावा अशी लीलाधररावांकडे उभ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट होती, आणि ती अस्तित्वात नव्हती.

“कॅजिटन वारला म्हणून सांगा,” त्यांच्या पत्नी दुर्गाबाई पातेल्यातून सालं वेचत म्हणाल्या. “दोन मिनिटं शांत उभे राहा आणि घरी या.”

“तिने त्याच्यासाठी स्वेटर आणलाय गं.”

“डोंगरीत? स्वेटर?”

“मी एकदा सांगितलं होतं, पहाटे समुद्रावर त्याला थंडी वाजते म्हणून.”

दुर्गाबाईंनी कपाळाला हात लावला. तो हात ओला होता, त्यामुळे कपाळाला मटाराचं साल चिकटलं. पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती.

हे मंगळवारी घडलं. बुधवारी लीलाधररावांनी तिसऱ्या मजल्यावरच्या हिनाबेनना अगदी आडून विचारलं, की समजा एखाद्याला डोंगरीला जायचं असेल, तर तो कसा जाईल. “लीलाधरभाई, आप जा रहे हो?” हिनाबेन म्हणाल्या. “उधर खाने का क्या? सब मच्छी है. मैं थेपला बना देती हूँ.” सोसायटीत गुप्त गोष्ट पसरायला लिफ्टला लागतो तेवढाच वेळ लागतो. संध्याकाळी सेक्रेटरी स्वप्नील, जो एरवी फ्लॅटची दलाली करतो, जिन्यात भेटला. “सामंतकाका, बोललात का नाय आधी? तिकडे सी-व्ह्यू वन बीएचके दाखवतो ना, जाताच आहात तर.” रात्री जेवायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर पडला : ‘सी विंगचे सामंतकाका रविवारी उत्तन-डोंगरी सहल काढत आहेत. इच्छुकांनी नावे द्यावीत.’ अकरा जणांनी दिली. एकाने जैन जेवणाची सोय विचारली, एकाने खिडकीची जागा मागितली, आणि बी विंगच्या एका गृहस्थांनी, दर वेळी सी विंगच का, असा जाहीर सवाल टाकला. सहल रद्द असल्याचं कळवायला लीलाधररावांना तासभर लागला. रद्द का, याची चौकशी करायला स्वप्नीलने समिती नेमायची सूचना मांडली. तिला सात अंगठे पडले.

गुरुवारी सकाळी, कुणाला न सांगता, लीलाधरराव एक कॅजिटन आणायला निघाले.

भाईंदर पश्चिमेहून रिक्षाने डोंगरीच्या नाक्यावर उतरून त्यांनी सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईंना विचारलं, “इथे कॅजिटन कुठे राहतात?”

“कंचा? बँडवाला, होडीवाला का मेलेला?”

मेलेला खरं म्हणजे सोयीचा पडला असता, पण स्वेटर आडवा आला. “होडीवाला,” ते म्हणाले.

होडीवाला कॅजिटन घरामागच्या वलांडीखाली उभा होता. वलांडी म्हणजे बोंबील सुकवायला बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्या. वय पासष्टीचं, अंगात गंजी, पायाशी बोंबलाची टोपली. लीलाधररावांनी वास येताच नाकाला रुमाल लावला, आणि दर रविवारी इथे येणारा माणूस रुमाल लावणार नाही, हे ध्यानात येऊन लगेच काढला.

“मी लीलाधर सामंत, मीरा रोडहून आलोय. रविवारी मी बहिणीला घेऊन येईन. तुम्ही फक्त लांबून हाक मारायची, ‘या लीलाधर, या!’ बस, एवढंच.”

“मी तुला वळखत न्हाय,” कॅजिटन म्हणाला.

“तेच तर. ओळखल्यासारखं करायचं.”

कॅजिटनने दोन बोंबील उचलून दोरीवर टाकले. मग दोन आणखी टाकले. “रविवारी?”

“रविवारी.”

“रविवारी खोटा न्हाय बोलाचा. सकाली चर्चात मिस्साला जातो मी. सोमवारी आण बहिणीला, पाह्यजे तेवढा बोलतो.”

“सोमवारी तिचं विमान आहे हो!” लीलाधररावांचा आवाज चिरकला. मग त्यांनी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. तळं, होडी, सुरमई, अस्वल, डॉल्फिन, सगळं. कॅजिटनने मध्ये एकदाच तोंड उघडलं. “सुरमई केवढी बोललास? हातभर? चांगली व्हती.”

ओट्यावर कॅजिटनची बायको बोंबील निवडत बसली होती. लीलाधररावांनी भीत भीत तिचं नाव विचारलं. “टेरेझा,” ती म्हणाली, आणि लीलाधररावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण फोनवर निर्माण केलेली बाई ओट्यावर बसून आपल्याला नाव सांगते आहे, हा अनुभव तक्रार विभागात कधी आला नव्हता.

“पन खोटा बोलाचाच कशाला?” टेरेझा म्हणाली. “आज गुरुवार हाय. बस हितं. रविवारपरत वळख व्हते.”

या युक्तिवादाला तोड नव्हती. लीलाधरराव बसले. बसलेला माणूस रिकामा दिसतो म्हणून टेरेझाने टोपली त्यांच्याकडे सरकवली. कोकणातल्या माणसाला बोंबील नवा नाही. पण ताटातला बोंबील वेगळा आणि दोरीवरचा वेगळा. त्यांनी एक उचलून दोरीवर टाकला, तो सुळकन खाली आला. दुसरा टाकला, तोही आला.

“एकटा न्हाय र्‍हात दोरीवर,” कॅजिटन म्हणाला. “दोघांची तोंडा एकमेकांत अडकवाची. असा. ह्यो त्याला धरतो, त्यो ह्याला. मग वारा येऊ दे नायतर काय पन.”

बोंबलाला दात असतात, आणि ते मेल्यावरही काम सोडत नाहीत. दुपारपर्यंत लीलाधररावांच्या चार बोटांना पट्ट्या लागल्या आणि एक दोरी भरली. ते शुक्रवारी पुन्हा गेले. शनिवारीही गेले. शनिवारी हिनाबेनच्या थेपल्यांचा डबा नेला होता. टेरेझाने थेपला कालवणात बुडवून खाल्ला आणि बरा आहे म्हणाली. ही बातमी हिनाबेनना कळवायची नाही, असं लीलाधररावांनी ठरवलं. निघताना कॅजिटन म्हणाला, “ये सकाली. पन एक सांगतो. तिनं इचारला, कवापासून वळखता, तर मी खरा सांगीन.”

“ती नाही विचारणार.”

“नको इचारू दे.”

रविवारी सकाळी निशिगंधा ठाण्याहून, सासरच्या लग्नघरातून आली आणि सोसायटीच्या फाटकावर अडली. हल्ली सोसायटीत पाहुणा आला की घरमालकाच्या मोबाइलवर विचारणा जाते, त्याने हिरवं बटण दाबल्याशिवाय फाटक उघडत नाही. लीलाधरराव बहिणीला घ्यायला स्वतः खाली उतरले होते. मोबाइल चौथ्या मजल्यावर चार्जिंगला होता.

“अरे, मी इथे उभा आहे! मीच सी चारशे दोन!” ते वॉचमनला म्हणाले.

“साहब, आप तो हो. लेकिन ॲप में आप ऊपर हो.”

वर दुर्गाबाईंनी मोबाइलचा आवाज ऐकला. चष्मा सापडेना, म्हणून अंदाजाने बटण दाबलं. फाटकावरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘निशिगंधा. प्रवेश नाकारला.’ कॅनडाहून बावीस तासांचा प्रवास करून आलेल्या सख्ख्या बहिणीला भावाच्या घराने अधिकृतपणे हाकलून दिलं. एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून हिनाबेन ओरडल्या, “लीलाधरभाई, संभाल के जाना! आप के लिए सब नया नया है!”

“काय म्हणतायत त्या?” निशिगंधाने विचारलं.

“चपलांचं म्हणतायत,” लीलाधरराव म्हणाले, आणि वर न जाताच रिक्षाला हात केला.

चेण्याला त्यांनी तालीम केली नव्हती. नदी काय, नदी असते, ती कुठे जाणार, असा त्यांचा हिशेब होता. अर्धा तास ते दगडगोट्यांतून आत्मविश्वासाने चालले. “दादा, नदी कधी येणार?” निशिगंधाने दोनदा विचारलं. “आलीच,” ते दोन्ही वेळा मेकॅनिकच्या चालीवर म्हणाले. शेवटी समोरून मोळी घेऊन येणाऱ्या एका आजींना त्यांनी, बहीण मागे आहे असं बघून, हळूच विचारलं, “आजी, नदी कुठेशी आली?”

“नदीतच उभं हाव न्हवं तुम्ही,” आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या.

निशिगंधाने पायाखाली पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. “तू पाय कुठे सोडतोस पाण्यात?”

“जानेवारी सोडून,” ते म्हणाले. त्यांच्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला. त्या परिसरात तेव्हा वाहतं पाणी म्हणावं असं तेवढंच होतं.

डोंगरीच्या नाक्यावर रिक्षा थांबली. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी, मिस्साहून आलेला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला कॅजिटन दिसला. त्याने लांबूनच दोन्ही हात वर केले.

“ओ लीलाधर! काल तुझा डबा र्‍हायला ना हितं!”

या हाकेत खोटं अक्षर नव्हतं. लीलाधररावांचे डोळे भरून आले.

“काल? म्हणजे शनिवारीही येतोस तू?” निशिगंधा म्हणाली.

“कधी कधी,” ते विनयाने म्हणाले. बोटांवरच्या पट्ट्या तिला दिसतील असा हात त्यांनी पुढे धरला. “बोंबील लावायचे असतात ना.”

पुढचा तासभर त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा गेला. टेरेझाने बांगड्याचं आंबट कालवण वाढलं. लीलाधररावांनी, पाण्याचा माठ कुठे आहे हे माहीत असलेल्या माणसाच्या ऐटीत, उठून स्वतःच्या हाताने पाणी घेतलं. निशिगंधाने टेरेझाला हाताला लावायचं क्रीम दिलं, कॅजिटनला स्वेटर दिला. तांबड्या लोकरीचा, छातीवर सांबराचं डोकं. कॅजिटनने तो भर दुपारी, पत्र्याखाली, शर्टावर चढवला, कारण दिलेली वस्तू पाहुण्यादेखत वापरावी अशी त्या घरची रीत होती. त्याच्या कानशिलावरून घाम वाहू लागला.

“किती छान वाटतंय,” निशिगंधा म्हणाली. “नऊ वर्षं नुसतं ऐकतेय. कॅजिटनदादा, तुमची आणि दादाची ओळख नक्की कधीपासूनची हो?”

लीलाधररावांना ठसका लागला. नाही लागला, तरी त्यांनी लावून घेतला. टेरेझाने पाठीत थोपटलं, पाणी दिलं. ठसका संपला. प्रश्न तिथेच होता.

कॅजिटनने भिंतीवरच्या क्रुसाकडे पाहिलं, लीलाधररावांकडे पाहिलं, स्वेटरवरच्या सांबराकडे पाहिलं.

“गुरुवारची,” तो म्हणाला.

“कुठल्या गुरुवारची?”

“ह्याच. तीन दिस झाले.”

टेरेझाने सगळ्यांच्या ताटात भात वाढला. ज्यांच्या ताटात होता त्यांनाही वाढला.

“निशू, त्याचं असं आहे,” लीलाधररावांनी तक्रार विभागातला आवाज लावला. पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मेकॅनिक कुठे आहे ते सांगता येईना.

निशिगंधाचा चेहरा पांढरा पडला होता. “म्हणजे... सुरमई?”

“नव्हती.”

“होडी?”

“ह्यांची आहे. मी बसलो नाही कधी.”

“डॉल्फिन?”

लीलाधररावांनी मान खाली घातली. थोरल्या भावाने धाकट्या बहिणीसमोर किती खाली घालावी, याला मर्यादा असते. नाक भाताला लागल्यावर ते थांबले. आता ती उठेल, आता रिक्षा बोलावेल, असं त्यांना वाटत राहिलं.

“मला शनिवार-रविवार दोन्ही दिवस ड्युटी असते दादा,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की कॅजिटनही पुढे वाकला. “सुपरमार्केटच्या बेकरीत. सुट्टी मंगळवारी. ते तळं... तळ्याच्या बाजूने माझी बस जाते.”

“पण तू होडी वल्हवलीस!”

“पहिल्या वेळी बसमधूनच पाहिलं होतं मी तळं. म्हटलं, दादाला बरं वाटेल. तर तू लगेच डोंगरीला जाऊन आलास. मग मी काय पावाचे भाव सांगायचे तुला?”

“आणि सफरचंदं?”

“दुकानातली.”

लीलाधरराव ताडकन ताठ झाले. “अस्वल?”

“हातभर सुरमई आणलीस ना तू? त्या आठवड्यात मला काहीतरी मोठं लागणारच होतं.”

“अगं, पण तुझ्या त्या अस्वलापायी मी डॉल्फिन सोडला!” त्यांचा आवाज पत्र्याला जाऊन भिडला. आपली फसवणूक झाली होती! नऊ वर्षं. एकेका शनिवारी रात्री अंथरुणात कूस बदलत त्यांनी उद्याची मासळी ठरवली होती, आणि ती कुणाच्या तोडीला, तर दुकानातल्या सफरचंदाच्या! निशिगंधाने त्यांच्या नाकावरचा भात पाहिला, आणि तिचं हसू फुटलं. ती हसता हसता रडायला लागली, मग लीलाधररावही नेमकं काय करावं ते न कळून दोन्ही करू लागले. कॅजिटनने तेवढ्यात स्वेटर काढून घेतला. मागच्या दारातून वलांडी दिसत होती. बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड घालून लटकले होते, आणि वारा चांगलाच सुटला होता.

“चला,” कॅजिटन म्हणाला. “होडीत तरी बसून घ्या.”

त्याने दोघांना तासभर समुद्रात फिरवून आणलं. लीलाधररावांना होडी लागली, निशिगंधाला ऊन लागलं. डॉल्फिन दिसला नाही. दिसला, असं कुणी म्हणालंही नाही.

निशिगंधा गेली त्याला तीन आठवडे झाले. त्या रविवारी सकाळी फोन वाजला, तेव्हा लीलाधरराव वलांडीखाली उभे होते. आता त्यांना तासाला एक दोरी भरता येते, पट्टी एकाच बोटाला लागते.

“काय करतोयस दादा?”

“डोंगरीला आलोय. कॅजिटनकडे. बोंबील लावतोय.”

“दादा, आता खरं तेच सांगायचं असं ठरलंय ना आपलं?”

“अगं, खरंच आलोय! हा बघ, कॅजिटन इथेच आहे. अरे, सांग रे तिला!”

ते वळले, पण कॅजिटन अजून मिस्साहून यायचा होता. टेरेझा विहिरीवर गेली होती.

“असू दे, असू दे,” निशिगंधा समजुतीच्या सुरात म्हणाली. “माझं ऐक. आज मी रजा काढून तळ्यावर गेले. म्हटलं, एकदा खरंच जाऊन यावं. अरे, तळं गोठलंय! माणसं वरून चालतात. बर्फाला भोक पाडून, खुर्ची टाकून, आतले मासे धरतात!”

लीलाधररावांनी डोळे मिटले. तळं ठीक होतं. एक वेळ बर्फही ठीक होता. पण खुर्ची? थापेला काही हद्द असावी की नाही? तीन आठवड्यांपूर्वी याच घरात रडली होती ही मुलगी.

“पुरे झाल्या थापा,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी टोपलीतून एक बोंबील उचलला, आणि त्याला जोडीदार शोधू लागले.